माझ्या नावाची भांडी

आमच्या घरात चांगल्या भांड्यातून पाणी प्यायची कुणाची हिंमत नव्हती. चांगलं भांडं म्हणजे माझ्या लग्नाचं, आणि माझ्या लग्नाचं म्हणजे मागच्या खोलीत कुलपात. आम्ही आपले पोचे आलेल्या ताटांत जेवायचो. माय दर आठवड्याला एरंडोलच्या बाजाराला जायची आणि काहीतरी घेऊनच यायची. कधी तांब्या, कधी परात, कधी घंगाळ, आणि त्यावर माझं नावही तिथेच घालून आणायची. आबा, म्हणजे माझे वडील, कुरकुरायचे. पण पोरीच्या लग्नाचं म्हटलं की त्यांची बोलती बंद.

"माय, एवढ्या परातींत मी काय गावजेवणाची कणीक मळू?" मी विचारायची.

"बठ्ठं तुनाकरताच शे ना," सगळं तुझ्याकरताच, एवढंच तिचं उत्तर.

पुढे मी मास्तरीण व्हायला धुळ्याला, देवपुरातल्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. तिथे मानसशास्त्राच्या सरांनी आम्हाला काम दिलं: सुट्टीत घरातल्या एका माणसाची एखादी सवय नीट बघा, रागावू नका, फक्त विचारा. साठवण्याच्या मुळाशी टंचाईची भीती असते, असं ते म्हणाले. रेशनिंगचे दिवस नुकतेच सरले होते. मला एकदम पटलं. आता सापडली माय, असं वाटलं.

सापडते कसली! रेशन धान्याचं होतं, साखरेचं होतं, पितळेचं कधी होतं, असं तिने उलट मलाच विचारलं. सर म्हणाले होते, एखादी वस्तू मागून बघा आणि काय होतं ते पाहा. मला तर पातेलं खरंच हवं होतं. देवपुरात मी खोलीतल्या मैत्रिणीच्या पातेल्यात भात शिजवायची आणि रोज तिचं वाकडं तोंड बघायची. मायने एक पातेलं काढलं, पदराने पुसलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं. लग्नात देईन म्हणे. डोंबल देणार! माझं नाव ठोकलेलं पातेलं, आणि मलाच मिळेना. रागावू नका म्हणायला सरांचं काय जातंय!

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मांडवात रुखवत म्हणून मायने सगळी भांडी अगदी हौसेने मांडली. सासूबाईंनी तर एकेक परात वाजवून पाहिली. वऱ्हाडाचा ट्रक धुळ्याला निघायची वेळ झाली आणि बघते तर काय, मांडवात एक भांडं नाही! सगळी परत मागच्या खोलीत, दाराला कुलूप, किल्ली मायच्या कमरेला. बाहेर सासूबाई भांडी चढवायची वाट बघत उभ्या. सासरी पहिल्याच दिवशी माझी काय शोभा होणार, ते मला स्पष्ट दिसत होतं.

मी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. "माय, लाज काढतेस का माझी? उघड ते कुलूप!"

तिने मान खाली घातली. हळूच म्हणाली, "बठ्ठं तुले दी टाकं, ते मंग बाजारले काय निमित्त काढीसन जाऊ मी?"

मी तिचा दंड सोडला. आठवडाभर चूल, शेण आणि शेत. बाजाराच्या दिवशी तेवढी ती धुवट लुगडं नेसायची, आणि आबांनी तिला दुसऱ्या कशासाठी कधी एकटीला उंबऱ्याबाहेर सोडलं होतं? सरांनी एवढं शिकवलं, त्यात हे कुठे होतं? आणि मी, तिच्या पोटची पोर, तिचं निमित्त होते! इतका संताप आला, की कुणावर काढावा तेच कळेना. आबांवर, सरांवर, की तिच्यावर?

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

"आबांना दिवाळसणाचं घेतेय म्हण," मी दात-ओठ खात म्हणाले. "तो झाला की माझ्या बाळंतपणाचं म्हण."

तिचा चेहरा असा काही खुलला, की मला आणखीच राग आला. कुलूप तसंच राहू दिलं आणि मी रिकाम्या हातांनी ट्रकमध्ये सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले.