मामाजींचं पॅन कार्ड आणि अख्ख्या गावाची सोयरीक

जगात दोन वऱ्हाडी माणसं एकमेकांना परकी असू शकतात, यावर माझ्या मामेसासऱ्यांचा अजिबात विश्वास नाही. माणूस दिसला की ते आधी त्याचं गाव विचारतात, मग आडनाव, मग आईचं माहेर. एवढ्यातूनही कोणी निसटलाच तर आजीचं माहेर. त्याच्यापुढे निसटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकदा त्यांची दाढ ठणकत होती म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे नेलं, तर तोंडात आरसा आणि चिमटा असतानाही ‘कोन्या गावचे?’ हे त्यांनी घशातून विचारलंच. डॉक्टरांची आजी मोर्शीची निघाली, मामाजींच्याच गावची. मग डॉक्टरांनी फी घेतली नाही, आणि मामाजींनी दाढ काढू दिली नाही. ‘आपल्याच पोराच्या हातानं रगत काहाडाचं म्हनता? मले नाही जमत बाप्पा,’ असं म्हणत ते खुर्चीवरून उतरले. दाढ पुढे महिनाभर ठणकत राहिली आणि रोज सकाळी तिचा वृत्तांत मला ऐकावा लागला.

मामाजी, म्हणजे माझ्या बायकोचे मामा, उमेदीतच कॅनडाला गेले, तिथेच नोकरी करून निवृत्त झाले, तिथलं नागरिकत्वही घेतलं. पण जाताना जी भाषा नेली ती तिथल्या थंडीत जशीच्या तशी टिकली. इथे आमची पोरं टीव्हीवरच्यासारखं गुळगुळीत बोलतात, आणि विमानातून उतरलेला हा म्हातारा ‘काऊन रे, मले पानी देतं का?’ म्हणतो तेव्हा ती दचकतात. मामी गेल्यापासून मामाजी दर हिवाळ्यात आमच्याकडे अमरावतीला येतात. वऱ्हाडात जावयाचा मान मोठा, असं लग्नात ऐकलं होतं. माझ्या वाट्याला तो स्कूटरच्या पुढच्या सीटवर आला. मागच्या सीटवर मामाजी आणि त्यांची कागदांची पिशवी. रस्त्यात कोणी ओळखीचं वाटलं की माझ्या खांद्यावर थाप पडते. थाप पडली की थांबायचं.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांनी जेवताना जाहीर केलं, ‘जवाईबापू, मी इथं दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन राहिलो.’ त्यांना थंडीचे चार महिने स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप लावायचं होतं. पाहुणा म्हणून यायचा त्यांना कंटाळा आला होता. तिकडून मुलगा फोनवर म्हणाला, ‘बाबा, या वयात कशाला?’ मामाजींनी फोन माझ्या हातात दिला, जणू या वयाचा मी होतो. आमच्या गल्लीच्या टोकालाच एक फ्लॅट रिकामा होता. बिल्डर म्हणाला, ‘संक्रांतीपर्यंत ठेवतो, पण पॅन कार्ड आना. त्याच्याबिगर पुढं काहीच नाही होत.’ मामाजींकडे तीन प्रकारची ओळखपत्रं होती. पॅन कार्ड नव्हतं.

मी कॉलेजातून अर्धी रजा काढून त्यांना पॅनचे अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रावर नेलं. काउंटरपलीकडे चाळिशीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी ‘बसा’ म्हणायच्या आत मामाजींनी गाव विचारलं. पाच मिनिटांत त्या गृहस्थांच्या आत्याची जाऊ ही मामाजींच्या मावसबहिणीची नणंद असल्याचं सिद्ध झालं. गृहस्थ उठून पाया पडले. चहा आला, मग पोहे आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जेवण झालं. अर्जाचं काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलं, मामाजींना फक्त सही करावी लागली. कार्ड आमच्या पत्त्यावर यावं म्हणून राहण्याचा पोलिसांचा दाखला लागेल असं कळलं, तो आणायलाही मीच गेलो. तिथल्या हवालदारांशी नातं लागलं हे सांगायला नको. येताना आम्ही त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलो.

आणि काही आठवड्यांच्या प्रतीक्षेनंतर अर्ज परत आला. मी तो घेऊन एकटाच केंद्रावर गेलो. परदेशी नागरिकांचा अर्ज वेगळा असतो. आमच्या गृहस्थांनी भारतीयांचा भरला होता.

‘तुम्हाला माहीत नव्हतं का?’ मी विचारलं.

‘माहीत होतं ना जी,’ ते मान खाली घालून म्हणाले. ‘पन आपल्या मामाजींले परदेशी कसं लिहू? हात नाही धजला.’

मी चहा घेतला आणि आलो.

तोवर संक्रांत उलटून गेली आणि फ्लॅट गेला. मामाजी तावातावानं बिल्डरकडे निघाले, मीही मागून. तिथे फ्लॅट घेणारा माणूस बसला होता. तो मामाजींच्या वर्गमित्राचा पुतण्या निघाला. मामाजींना भांडायचीही सोय राहिली नाही. पेढा खाऊन परत आले. जिन्यात म्हणाले, ‘आपल्याच मानसानं घेतला. चांगलं झालं.’ आणि दुसऱ्या जिन्यावर, ‘दुसरा भेटन. कार्ड मातर करू.’

अमरावतीत आता परकं कोणी उरलं नव्हतं, म्हणून आम्ही अकोल्याला गेलो. निघताना बायकोनं मामांना दम भरला, ‘मामा, तिथं कोनाले गाव विचाराचं नाही. माझी शप्पथ.’ त्यांनी ती पाळली. अकोल्याच्या केंद्रावर एक चुणचुणीत बाई होत्या. त्यांनी योग्य अर्ज काढला आणि भराभर विचारत गेल्या. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. ‘नागरिकत्व?’ मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी हळूच पासपोर्ट पुढे सरकवला. बाईंनी त्यात पाहून लिहिलं. सगळं अर्ध्या तासात आटोपलं. पावती देताना बाई हसून म्हणाल्या, ‘काका, बोलन्यावरून तर तुमी आपल्याकडचेच वाटता. कोन्या गावचे?’

मामाजी पिशवीची चेन लावत होते. ‘कॅनडाचा,’ म्हणाले.

परतीच्या एसटीत त्यांच्या शेजारी धोतर नेसलेले, त्यांच्याच वयाचे एक आजोबा बसले होते. मूर्तिजापूर आलं, गेलं, बडनेरा आलं, तरी मामाजींनी त्यांना काही विचारलं नाही. मी इतकी वर्षं ज्या शांततेसाठी तरसत होतो ती ही होती. मला ती फार लांबली.

कार्ड आलं तेव्हा मामाजी परत गेले होते. तिथे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पोस्टमन नवे होते. पाकिटावरचं नाव वाचून त्यांनी विचारलं, ‘हे साहेब इथंच राहतात काय जी?’ ‘नाही’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘हाव, इथंच.’ मग काय झालं कोणास ठाऊक, त्यांना विचारून बसलो, ‘तुमी कोन्या गावचे?’

‘दर्यापूरकडचा,’ म्हणाले आणि सायकल वळवून गेले.

संध्याकाळी मी फोन लावला. कार्ड आल्याचं सांगितलं, तर मामाजी नुसते ‘बरं’ म्हणाले. मग म्हणाले, ‘डाक्टर म्हनते, यंदा प्रवास नाही. पोरगा म्हनते, कधीच नाही.’

‘कुरियरनं पाठवू का कार्ड?’

‘कायले? त्याच्यासाठी तुमचा पत्ता देल्ला ना. राहू द्या तिथंच.’

मी म्हणालो, ‘मामाजी, पोस्टमन दर्यापूरकडचे आहेत.’

पलीकडे खुर्ची करकरली.

‘दर्यापूर? कोनाचा? आडनाव काय?’

‘विचारायचं राहिलं.’

‘बाप्पा, जवाईबापू! अर्धंच काम करून राहिले तुमी. त्याले आईचं माहेर विचारा. मी आल्यावर जाऊ त्याच्या घरी.’

कार्ड कपाटात, बायकोच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलं आहे. आमच्याकडे हल्ली टपाल येत नाही, त्यामुळे पोस्टमनचं काही काम पडत नाही. तरी कॉलेज लवकर सुटलं की दुपारी मी फाटकाशी जाऊन उभा राहतो. आडनाव आणि आईचं माहेर, एवढंच विचारायचं आहे.