जवळ जायची लेन्स

कालव्यावरचा पूल ओलांडला तेव्हा दादा म्हणाला, "आता आलंच." घर सोडल्यापासून तो हेच म्हणत होता. माझ्या चपलेचा अंगठा सुटायला आला होता आणि शेजारून बसगाड्या चक्क रिकाम्या चालल्या होत्या. पण दादाला बसने जायला आवडत नाही. शेजारचा माणूस बोलता बोलता विचारतो, "तुम्ही कुठे असता कामाला?" दादाला खोटं बोलता येत नाही, आणि खरं सांगितलं की तो माणूस उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत बसतो.

माझा हा मोठा भाऊ दवाखान्याच्या शवागारात काम करतो. लागला होता वॉर्डात, खाटा ढकलायला. शवागारातला कामगार आजारी पडला म्हणून चार दिवसांसाठी याला खाली पाठवलं. ते चार दिवस अजून संपायचेत. आता तर याची निवृत्ती जवळ आली.

दवाखान्यात त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. शेवटचं बघायला घरची माणसं येतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं, पाय ठिकाणावर नसतात. दारात एक पायरी आहे. दादा प्रत्येकाला म्हणतो, "सावकाश, पायरी आहे." दुसरं काही बोलत नाही. त्यांना आत घेण्याआधी तो गेलेल्या माणसाचा चेहरा ओल्या कापडाने पुसतो आणि केस विंचरतो. असं कर म्हणून त्याला कोणी सांगितलेलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "घरचे बघणार, मग जरा नीट नको?" देवाची पूजा मी रोज करते, पण दादाचं हे विंचरणं देवाला जास्त पोचत असेल असं मला वाटतं. त्याला मात्र हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसला असता.

"काय गं बडबडे," पूल उतरताना तो म्हणाला, "दुकानात काय काय विचारतील?"

"मला काय ठाऊक? मी जन्मात एक फोटो काढला. त्यात तुझं डोकंच नव्हतं."

"म्हणूनच तो चांगला आला होता."

तो मजेत बोलत होता, पण हातातली रिकामी पिशवी सारखी घडी घालत होता आणि उलगडत होता. मला त्याची घालमेल कळत होती.

वहिनी गेली तेव्हा भाची शाळेत जात होती. दादाने तिला एकट्याने वाढवलं, वेण्यासुद्धा घातल्या. त्याच भाचीला आता मुलगी झाली आहे. नातीला बघायला दादा दर रविवारी जातो. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जातो. भाचीच्या सासरी एकच लांबट खोली आहे, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला खिडकी. खिडकीशी पाळणा आणि दाराशी खुर्ची. विहीणबाई स्वभावाने सोन्यासारख्या. दादा आला की लगबगीने उठतात, खुर्ची पुसतात, चहा टाकतात. ती खुर्ची दाराशी असते आणि दादा तिथेच बसतो. बाळाला घेऊ नका असं त्याला कोणी म्हणालेलं नाही, आणि घ्या असंही कोणी म्हणत नाही. एकदा भाची बाळाला घेऊन त्याच्याकडे निघाली तर विहीणबाई चटकन म्हणाल्या, "अगं, तिला झोप आलीय." बाळ टक्क जागं होतं. भाची जागच्या जागी थांबली. दादा म्हणाला, "झोपू दे, झोपू दे," आणि चहाचा कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात कॅमेरा शिरला. घेता येत नाही तर निदान नीट बघता तरी येईल. फोनवर त्याने फोटो काढून पाहिले होते. मला मोठ्या कौतुकाने दाखवले.

"बाळ कुठाय यात?" मी विचारलं.

"ते काय, पाळण्यात."

"हा पाळणा आहे होय? मला वाटलं, कपड्यांचा ढीग."

मग दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्याने सल्ला दिला. आत आरसा असतो तो कॅमेरा घे, डीएसएलआर म्हणतात, आणि त्याला लांबची लेन्स लाव. मग चंद्रावरचे खड्डेसुद्धा मोजता येतील. दादाला चंद्र नको होता. दारापासून पाळण्यापर्यंत दिसलं की त्याला पुरे होतं.

दुकान अरुंद होतं. काचेच्या कपाटांत काळे कॅमेरे ओळीने मांडलेले. काउंटरमागे आमच्याच वयाच्या एक बाई चष्मा केसांवर चढवून एक लेन्स ब्रशने झाडत होत्या. दादाने घसा साफ केला आणि पाठ करून आणल्यासारखं म्हणाला, "नवीन शिकणाऱ्याला चालेल असा डीएसएलआर दाखवा."

"नुसती बॉडी हवीय का?" बाईंनी विचारलं.

दादा एकदम ताठ झाला. आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "नातेवाईक आलेत का?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "बॉडी म्हणजे... धड हो," त्या समजावू लागल्या. "त्यावर मग लेन्स लावायची."

धड म्हटल्यावर तर मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. दादाच्या लक्षात आलं तसा तोही हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग बाईंना सांगावंच लागलं की तो काय काम करतो. सांगताना त्याचं हसू विरलं. बाई आता खिडकीबाहेर बघतील म्हणून मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

पण बाई म्हणाल्या, "मग तुमचा हात स्थिर असणार. धरून बघा."

त्यांनी तीन कॅमेरे पुढ्यात ठेवले. आकड्यांच्या नादी लागू नका म्हणाल्या. पहिल्या कॅमेऱ्यात एवढंच बघायचं, की तो हातात बसतो का आणि बटणं न बघता सापडतात का. पहिला दादाच्या पंजात हरवून गेला. दुसऱ्याची बटणं इतकी, की दादा म्हणाला, "हा एक्स-रेवाल्याला द्या." तिसरा त्याच्या हातात बसला.

"डावा हात खालून," बाई शिकवू लागल्या. "वजन तळव्यावर घ्यायचं. तान्ह्या बाळाची मान धरतो ना..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दादाचा हात खाली गेलेला होता. बोटं पसरलेली, तळवा खोल केलेला. आईविना लेक वाढवलेला हात तो, आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या मानेखाली जाणारा. बाईंनी पुढे काही शिकवलं नाही.

दादाने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बटण दाबलं. आतला आरसा खटकन हलला. दादा दचकला आणि मग लहान मुलासारखा त्याने पुन्हा दाबला.

"आता लांबची लेन्स दाखवा," तो म्हणाला.

"काय काढणार? पक्षी?"

"नात."

"नात किती लांब असते?"

"खोलीच्या त्या टोकाला."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कपाटातून लांब नळीची लेन्स काढून लावून दिली, आणि दुकानातले अर्धे दिवे मालवले. "घरात एवढाच उजेड असतो. काढा आता ताईंचा फोटो." मी आतल्या बाजूला स्टुलावर बसले, दादा दाराशी उभा राहिला. फोटोत मी हललेली, काळपट, भुतासारखी आले.

"हिला भरपूर ऊन लागतं," बाई म्हणाल्या. "घरात आंधळी होते. बाहेर उन्हात चालेल, पण घरातलं बाळ काढायचं तर ही घ्या." त्यांनी एक छोटी लेन्स पुढे केली, डबीएवढी. "ही थोड्या उजेडातही छान काढते. मात्र ही मागेपुढे होत नाही. मागेपुढे माणसानं व्हायचं."

दादाने ती लावून पाहिली. दारातून मी बोटभर दिसत होते.

"पुढे या, भाऊ."

तो थोडा पुढे आला.

"अजून या."

तो थांबला. कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. "तिथे माझी खुर्ची दाराशी असते," तो म्हणाला.

बाईंना कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी कारण विचारलं नाही. पण हातातला ब्रश खाली ठेवला. म्हणाल्या, "लांबची हवी असेल तर लांबची देते. माझं काय, दोन्हींत धंदाच आहे. पण खोटं सांगून नाही देणार. त्या लेन्सने तुम्हाला घरात बाळाचं तोंड नीट मिळणार नाही."

दादाने कॅमेरा काउंटरवर ठेवला. मग मला म्हणाला, "आलोच," आणि बाहेर गेला. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. रस्त्यापलीकडे एक मुलगी आईच्या कडेवर पेंगत होती, आणि तो त्यांच्याकडे बघत होता. माझ्या मनात आलं, याला लांबचीच घेऊ दे. दाराशी तर दाराशी, निदान अपमान तरी होणार नाही. मी देवाला म्हटलंसुद्धा, ह्याला आता आणखी काही सोसायला लावू नकोस.

तो आत आला आणि म्हणाला, "छोटी द्या."

परतीच्या वाटेवर कालव्याच्या कडेला बाकडं आहे, तिथे आम्ही बसलो. माझ्या चपलेने अखेर राम म्हटला होता. दादाने पिशवीतून कॅमेरा काढला, माझ्या फाटक्या चपलेचा फोटो काढला आणि मला दाखवला. शिवणीचा दोरा न् दोरा दिसत होता.

"बघ," तो म्हणाला, "जवळ गेलं की कसं येतं."

मला राहवलं नाही. "दादा, मी बोलते विहीणबाईंशी. सरळ सांगते, त्याची नात आहे, घेऊ दे त्याला."

"नको गं. तू बोललीस की त्यांना लाज वाटेल. मग घ्या घ्या करत बाळ माझ्या हातात देतील आणि सगळा वेळ माझ्या हातांकडे बघत राहतील. तसं नकोय मला. वाईट नाहीत त्या. घाबरतात. शवागारात पहिल्या दिवशी मीही घाबरलोच होतो की."

"मग काय रे करणार? दारातून बोटभर नात काढणार?"

तो कॅमेऱ्याचं झाकण लावत होता. ते नीट बसेना. दोनदा काढून परत लावलं. मग माझ्याकडे न बघता बोलू लागला.

"रविवारी माझ्याबरोबर चल. तुला कोणी नाही म्हणणार नाही. बाळाला मांडीवर घे आणि खिडकीशी बस, तिच्या तोंडावर उजेड पडेल अशी. मी दारापासून सुरुवात करीन. एक फोटो काढीन, बघीन, मग थोडा पुढे येईन. कोणी विचारलं तर सांगीन, लेन्सच तशी आहे. घाई करणार नाही. त्यांना सवय होऊ दे मी पुढे येण्याची. आणि तुझ्यापाशी पोचलो ना, की तू काही बोलू नकोस. कॅमेरा तेवढा माझ्या हातून काढून घे."