न घेतलेली दारू

मी दारूला कधी शिवलो नाही, हे बायकोला ठाऊक आहे. पण मी पितो असा लोकांचा समज मी मुद्दाम होऊ दिला, हे तिलाही आजवर सांगितलेलं नाही.

काष्टीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी मोटारी भरायचो. म्हणजे पाण्याच्या पंपाची जळालेली मोटार उघडून तिच्यात नवी तांब्याची तार भरायची. सगळं काम बोटांचं. दोन वर्षांपूर्वी उजवा हात बसल्या जागी थरथरायला लागला. नगरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी हात थोडाफार ताब्यात राहील, पण आजार वाढत जाणार, हेही सांगितलं. मालकांना कसं सांगायचं, ती वाक्यं मी एसटीत जुळवत आलो आणि दुकानात पोचल्यावर मोटार उघडून बसलो.

पुढे मालकांच्याच ते लक्षात आलं. वयाने थोरले, तोंडाने फटकळ. माझ्या हातातला चहा हिंदकळत होता.

"कधीपासून घेतोस रं?"

मी खाली बघितलं. आमच्याकडे खाली बघणं म्हणजे कबुली, हे मला कळत होतं. पिणाऱ्याला मालक शिव्या देतात, पण ठेवून घेतात. आजाऱ्याला म्हणतात, घरी बस, आराम कर.

त्यांनी मला देवळात नेऊन तुळशीची माळ घालायला लावली. माळ घातली की दारू सुटते, ही इकडची रीत. कधी न घेतलेली दारू मी देवासमोर सोडली. घरी म्हटलं, मनात आलं म्हणून घातली. मटण तेवढं सुटलं.

हात थांबला नाही. मोटारी विहिरीत सोडणारा आमचा फिटर माझ्याच वयाचा. तो सणासुदीला घ्यायचा आणि लपवायचा नाही. मला चिडवायचा, "एकटाच पितो व्हय? वासबी येऊ देत न्हाईस. कंचा ब्रँड हाय, आमाला बी सांग की."

एका बाजारच्या दिवशी, गिऱ्हाईकं बसलेली असताना, मालक त्याच्यावर उखडले. "माळकऱ्याला पाजतोस? लाज वाटती का?"

"मालक, म्या ह्याला चहाबिगर काय पाजलं न्हाई. इचारा त्यालाच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तार सोडवत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. श्रीगोंद्याला दुसऱ्याकडे लागला.

मग मालकांनी मला व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं ठरवलं. सकाळी स्वतः गाडी घेऊन दारात आले. गाडीत बसल्यावर मी बोललो.

"मालक, मी पीत नाही. कधीच प्यायलो नाही. हा कंपवात आहे. वाढत जाणार. पुढं मला तार भरता येणार नाही."

त्यांनी गाडी बंद केली. "मग माळ कशाला घातलीस?"

"तुम्ही ठेवून घ्याल म्हणून."

"आजारी हाय म्हनून काढलं आसतं व्हय तुला?"

मला अजूनही सांगता येत नाही. पुढचं ते हळू बोलले. "आन् त्या फिटरला म्या काय काय बोललो."

त्यांनी मला काढलं नाही. आता दुसऱ्यांनी भरलेल्या मोटारी मी तपासतो, गिऱ्हाइकांचे फोन घेतो. फिटरला परत बोलवायला ते त्याच दिवशी निघाले होते. मी म्हटलं, आधी मला जाऊ द्या. तेव्हा शेतातला ऊस तोडीला आला होता. आता तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा गुडघ्याला लागलाय. श्रीगोंद्याला औषधं आणायला जातो, फिटर आता काम करतो त्या दुकानासमोरून जातो, उतरत नाही.

ज्या लोकांदेखत त्याने माझ्याकडे बोट केलं, त्यांच्यादेखत 'हा खरं बोलत होता' असं मला म्हणायचं आहे. ते अजून म्हटलेलं नाही.