वादी आली

थंडीतला उत्तरेचा वारा सुटला की तळ्यातला मासा तोंड मिटून बसतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही, सोळा वर्षं ओमानात हाडं झिजवताना कळलेलं आहे. आदल्या दिवशी ढग डोंगरावर उतरतात, हवा जड होते, तेव्हा हाच मासा वेड्यासारखा खातो. कणकेची गोळी पाण्याला टेकायचा अवकाश. मग पाऊस पडून जातो, आभाळ लख्ख होतं, वारा बोचायला लागतो आणि मासे जे तळाला जाऊन बसतात ते दोन-तीन दिवस हलत नाहीत. माझ्या मेव्हण्यांना हे सगळं मीच शिकवलं. ते वादीच्या पुरात गेले हे सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या शब्दामुळे गेले, हे मात्र मी सहा हिवाळे माझ्या बहिणीला सांगू शकलो नव्हतो.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. गरवणं, म्हणजे गरीनं मासे पकडणं, आमच्या अंगातच. मी गाला भागातल्या एका गॅरेजमध्ये फोरमन, बिऱ्हाड समुद्रकाठच्या बरक्याला. धाकट्या बहिणीचं लग्न झालं, गावात काम धड मिळेना, तेव्हा अर्बाबच्या, म्हणजे गॅरेजमालकाच्या, मागे लागून मीच मेव्हण्यांचा व्हिसा काढला. त्यांना सोडायला आलेली बहीण विमानतळावरून मला फोनवर म्हणाली होती, "भाई, त्यांच्यावर ओरडू नको हां. ते तुझं सगळं ऐकतात." खरंच ऐकायचे. मी तोंडाचा फाटका माणूस. गॅरेजमध्ये पाना चुकीचा दिला तरी माझा पट्टा सुरू. पण ते बहिणीचे नवरे, त्यामुळे शिव्यासुद्धा अहोजाहो करूनच द्यायचो. पोरं पोट धरून हसायची. मेव्हणे पण हसायचे आणि म्हणायचे, "बरं, भाई."

शुक्रवारी आम्ही बरक्याच्या किनाऱ्यावर गरी टाकायचो. पण हिवाळ्यात मुनखफद आलं की समुद्र खवळतो. मुनखफद म्हणजे कमी दाबाचा पट्टा. इथे ओमानी, मलबारी, आपले, सगळे तोच शब्द वापरतात. तो आला की होड्या वर ओढतात आणि आमच्यासारखे गरवे तळ्याकडे वळतात. रुस्ताकच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी पावसाचं पाणी अडवलेलं एक तळं आहे. कधीतरी कोणीतरी त्यात चिलापी सोडली, ती माजली. आमच्या खाडीतल्या काळुंदराशी जरा मिळतीजुळती, चवीला मात्र चिखलट. मेव्हण्यांना ती फार आवडायची. हळद-मीठ लावून, लसूण ठेचून तळायचे आणि बहिणीला फोटो पाठवायचे.

त्यांना एकच गोष्ट मी नीट शिकवली नाही. खाडीचं पाणी वेळ सांगून येतं. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, आमची शेंबडी पोरंसुद्धा सांगतील. वादीचं पाणी तसं नाही. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारं नदीचं कोरडं पात्र, नुसती खडी. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस दूर डोंगरात पडून गेलेला असतो, आणि अर्ध्या तासानं त्या कोरड्या खडीवरून गाड्या वाहून नेणारं पाणी येतं. इथे त्या पुरालाही वादीच म्हणतात. "वादी आली" म्हणजे पूर आला. ओमानी लोक त्यांच्या भाषेत तसं म्हणतात, आणि सोळा वर्षांत माझ्याही तोंडात तेच बसलं. मेव्हण्यांना येऊन पाच महिने झाले होते. तो त्यांचा इथला पहिलाच हिवाळा.

त्या दिवशी सकाळपासून हवा जड होती. मुनखफद संध्याकाळी येणार असं सगळे म्हणत होते, म्हणजे दुपारपर्यंत मासा तुटून पडणार. मला रुस्ताकला एका गिऱ्हाइकाचा पंप पोचवायचा होता. म्हटलं, यांना वाटेत उतरवतो, पंप देऊन येतो, मग दोघं मिळून दोन तास बसू. डांबरी रस्ता संपतो तिथे त्यांना उतरवलं. गाडीतूनच हात करून सांगितलं, "हे असेच खाली जा. आधी खजुराची बाग येईल, मग एक मोठं बोरीचं झाड येईल, पुढे वादी येईल. तिथे खडीचा उंचवटा आहे, तळ्याचं तोंड तिथेच. वादी आली की बसा."

आता बोला! वादी आली की बसा. माझ्याच तोंडचे शब्द आहेत हे. आपण रस्ता सांगतो तो असाच सांगतो, देऊळ येईल, शाळा येईल, पूल आला की डावीकडे वळा. त्यात मी काय चूक केली, असं मी स्वतःला हजारदा विचारलं असेल.

रुस्ताकला पंप उतरवला तर सूकमध्ये, म्हणजे बाजारात, धावपळ. दुकानदार शटर अर्धी ओढून रस्त्यावर आलेले, डोंगराकडे बघत होते. वर सगळं काळं झालं होतं, संध्याकाळचा पाऊस सकाळीच आला होता. एकजण मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत ओरडत होता, "वादी! वादी!" मी लगेच मेव्हण्यांना फोन लावला.

"मेव्हणे, वादी आली का?"

"आली, आली. हे काय, आत्ताच आली."

"मोठी आहे?"

"खूप मोठी, भाई. एवढी असेल असं वाटलं नव्हतं."

म्हणजे दिसली यांना, काठावर आहेत, असं मी समजलो. जीव भांड्यात पडला. आता हा माणूस पाण्याची गंमत बघायला पुढे जाईल, पलीकडे जायला बघेल, या भीतीनं मी माझ्या नेहमीच्या पट्टीत ओरडलो, "मग तिथंच थांबा! एक पाऊल पुढे टाकायचं नाही. मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही. शहाणपणा करू नका, कळलं?"

"बरं, भाई."

मी फोन ठेवला आणि चहा प्यायलो. खोटं कशाला सांगू, आरामात प्यायलो. पावसात गाडी काढण्यापेक्षा जरा ओसरू दे म्हटलं. पाणी कुठे आणि मेव्हणे कुठे याची मला खात्रीच होती.

नंतरचं फार सांगवत नाही. रस्ता मध्येच तुटला होता, पाणी ओसरेपर्यंत मी अलीकडे उभा होतो आणि फोन लावत होतो, तो बंद लागत होता. ते दुसऱ्या दिवशी सापडले, तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. खजुराच्या बागेचा मालक, एक म्हातारा ओमानी, त्यानं आम्हाला हात धरून ती जागा दाखवली. म्हणाला, तुमचा माणूस वादीच्या मधोमध खडीवर, तळ्याच्या तोंडाशी, गरी टाकून बसला होता. ऊन होतं. मी काठावरून हात केले, वादी, वादी म्हणून ओरडलो. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, हसला, आणि बोटानं खाली जमीन दाखवली. जसं काही, हो, हीच वादी. म्हातारा हे सांगताना रडत होता. मला रडू आलं नाही, कारण मला तेव्हाच सगळं कळलं. मी पूर विचारला होता, त्यांनी जागा सांगितली होती.

रुस्ताकच्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "भाई, शेवटचं काही बोलले का तुझ्याशी?" मी म्हटलं, "फोन लागलाच नाही गं. रेंज नव्हती." ती एवढंच म्हणाली, "बरं."

तेव्हापासून माझी जीभ एका शब्दाला घाबरते. गॅरेजमध्ये कोणाला थांबवायचं झालं तर मी हिंदीत रुक म्हणतो, अरबीत वग्गिफ म्हणतो, घरी बायकोला हातानं खूण करतो. आणि दर हिवाळ्यात पाऊस पडून गेला की मी त्या तळ्यावर जातो. मासा खातो त्या जड हवेच्या दिवशी माझी हिंमत होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी, वारा सुटल्यावर. बारीक गरी, लहान गोळी, खोल सोडायची, तरी काही लागत नाही हे मला माहीत असतं. दोरीचं तरंगतं बोंड पाण्यावर उभं राहतं ते राहतंच. अशा वेळी मागे खडी वाजते. कोणीतरी चपला घालून खडीवरून सावकाश येतंय, माझ्या पाठीशी येऊन उभं राहतंय. मी वळत नाही. पहिल्या वर्षी वळायचो. "बरं, भाई" इतकं स्पष्ट ऐकू येतं की एकदा मी मोठ्यानं म्हणालो, "अहो, उठा तिथून!" पलीकडे दोन मलबारी बसले होते, ते सामान उचलून लांब जाऊन बसले. बिचारे करणार काय.

या जानेवारीत बहीण आमच्याकडे आली, व्हिजिटवर, पहिल्यांदाच. सहा वर्षांत शिवणकामावर तिनं त्यांच्यामागे राहिलेल्या मुलीला वाढवलं, माझ्याकडून कधी जास्त काही मागितलं नाही. आल्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भाई, ती जागा दाखव." मी टाळलं. म्हटलं, मुनखफद आहे, पाऊस होऊ दे. पाऊस झाला. म्हटलं, रस्ता खराब असेल. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या सकाळी गाडी काढावीच लागली.

आधी कब्रस्तानात गेलो. बायका आत जात नाहीत, म्हणून बहीण गाडीतच बसून दुआ मागत राहिली. मग तळ्यावर आलो. मी तिला काठावरच बसवलं, दगडावर, उन्हाला. वारा झोंबत होता. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून मी गरी टाकली.

"लागेल काही?" तिनं विचारलं.

"आज नाही लागत. थंडीचा वारा आहे."

"मग टाकतोस कशाला?"

काय सांगणार? सवय म्हणालो. ती पाण्याकडे बघत होती. मागे खडी वाजली, आणि मी दचकलो ते तिनं बघितलं. "काय झालं, भाई?" तिनं इतक्या मायेनं विचारलं की माझ्यात जे काय अडकून होतं ते सुटलं. गरी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. वादी आली की बसा म्हणालो होतो ते, फोन लागला होता ते, आली का विचारलं ते, तिथंच थांबा म्हणून ओरडलो ते, चहा प्यायलो तेसुद्धा. "मी मारलं गं त्यांना," म्हणालो. "तू सांगितलं होतंस ओरडू नको म्हणून. आणि वर तुझ्याशी खोटं बोललो. मला काय वाटेल ते बोल, पण बोल."

मला वाटलं आता उठेल, गाडीत जाऊन बसेल, माझं तोंड पुन्हा बघणार नाही. तिनं शाल घट्ट ओढून घेतली. मान वर न करता म्हणाली, "फोन लागला होता, ते माहीत होतं मला."

"कसं?"

"तुझा फोन झाल्यावर जरा वेळानं त्यांनी मला केला ना. म्हणाले, भाईनं इथंच थांबायला सांगितलंय. मासे खूप लागतायत म्हणाले." तिनं पुन्हा पाण्याकडे बघितलं. "सहा वर्षं तुला हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही, भाई. रोज ठरवायचे, आज सांगते."

"मग सांग ना आता. काय झालं?"

"म्हणाले, काठावर एक म्हातारा आहे, सारखा हात करतोय, वादी वादी म्हणतोय, पण कशासाठी ते कळत नाही. वर जाऊन विचारून येऊ का?" ती माझ्याकडे बघायला लागली. "मी म्हटलं, परक्या माणसाचं काय ऐकताय? भाई सांगतोय ना, मग बसा गुपचूप."