उजवा कौल

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सुनेला नाही, पोराला तर नाहीच नाही. देवीसमोर एकटी बसले तरी मोठ्यानं बोलले नाही — तिला सांगायची गरजही नव्हती, तिच्या अंगावरच तर केलं सगळं. आता सांगते. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा नीट लावून सांगता येईल असं नाही. मध्येच अडखळले तर समजून घ्या — नको, समजून नका घेऊ. नुसतं ऐका.

आम्ही भिंगारचे, लष्करी कॅम्पालगतच्या वस्तीतले. नवरा लष्करी मेसमध्ये आचारी होता. दत्तू, माझा मुलगा, त्याच्याच हाताखाली शिकला आणि बाप गेल्यावर ठेकेदाराकडून त्याच मेसमध्ये लागला. पलीकडच्या गल्लीत यमुना राहते. ती आणि मी एकाच गावच्या, शेवगावच्या बाजूच्या. ती माझ्यामागून भिंगारला लग्न होऊन आली. तेव्हापासून मला अक्का म्हणते. तिला एकच मुलगा, बाळू. नवरा लवकर गेलेला. बाळूही मेसमध्येच होता, भांडी घासता घासता कढईपर्यंत पोचलेला. दत्तूच्या मागं मागं असायचा.

आता कौलाचं सांगते. वस्तीच्या टोकाला लिंबाखाली आमची देवी आहे. शेंदूर लावलेला पाषाण, त्याला चांदीचे डोळे. लग्न, विहीर, ऑपरेशन — काही मोठं करायचं तर आमच्याकडं तिला विचारतात. कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवायच्या, एक तिच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. मग विचारायचं आणि बसून राहायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. पूर्वी माझी सासू कौल लावायची. तिच्यामागं ते माझ्याकडं आलं. लोक म्हणायचे, अक्काच्या हाताला देवी बोलते. मलाही तसं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग एक माणूस आला, नोकरीला पोरं बाहेर धाडणारा. परदेशात, इराकमध्ये, परक्या फौजेचा तळ होता. तिथल्या मेससाठी आचारी हवे होते. केडगावला एका लॉजवर त्यानं पोरांना बोलावलं, अंडी फोडायला लावली, कांदा चिरायला लावला. दत्तूला उभ्या उभ्या पसंत केलं. पासपोर्ट झाला, रक्त तपासून झालं. तळावरच राहायचं, तळावरच खायचं, कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. दत्तू हसून म्हणाला, "आई, कॅम्पातनं कॅम्पात तर जायचंय. निस्तं इमानात बसायचं." सून रडली, मग तीही कबूल झाली. पगार चांगला होता. राहिले मी. दत्तू म्हणाला, "कौल लाव. देवी म्हनंल तसं."

तुम्हाला वाटेल, मी पोराच्या जिवाला भ्याले. तसं सांगायला बरं वाटलं असतं. पण नाही. तिकडं बॉम्ब पडतात हे मला तेव्हा धड माहीतही नव्हतं. फौजेचा तळ म्हणजे सगळ्यात सुरक्षित जागा असंच भिंगारातलं माणूस समजतं. मी भ्याले ती माझ्यासाठी. तो गेला की मी सुनेच्या हातात. दवाखान्यात कोण नेणार? दुखलं-खुपलं कुणाला सांगणार? मी मेले आणि तो तिकडं अडकला तर? — एवढंच होतं डोक्यात. माझं म्हातारपण. त्याच्या जिवाचा विचार त्यात नव्हता. मी आठवून आठवून पाहिलंय. नव्हता.

मंगळवारी सकाळी देवीपाशी गेलो. दत्तू, सून, यमुना, बाळू, सगळे. नैवेद्याला गूळ होताच. आंघोळ घालताना, हार चढवताना त्यातला खडा मी अंगठ्याखाली दाबून मऊ केला. उजवी कळी गुळानं चिकटवली. डावी नुसत्या पाण्यानं. पाणी वाळलं की डावी पडणार, आणि उजवी बसली ती बसली. तसंच झालं. दत्तूचं तोंड पडलं. तरी वाकून नमस्कार केला त्यानं. मी उजवी कळी काढताना बोटाला गुळाचा चिकटपणा लागत होता. मी तो पदराला पुसला. एवढं सोपं असतं हे.

इथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण तो माणूस फोन करत राहिला. जागा रिकामी ठेवता येत नाही, विचार बदला. आणि दत्तूही फोन लगेच ठेवत नव्हता, बोलत राहायचा. मला ते दिसत होतं. जागा भरली की विषय संपेल. म्हणून बाळूचं नाव मी सुचवलं. दत्तूनं नाही. मीच त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, आमच्याकडं दुसरा हाय, तेवढाच चांगला, लग्नबी व्हायचंय, मागं कुनी रडनारं न्हाई. मागं कुनी रडनारं न्हाई! यमुना तेव्हा माझ्याच ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

ती खूश झाली. बाळू तर नाचायचाच बाकी राहिला. मग एक दिवस यमुना कण्हेरीच्या कळ्या ओंजळीत घेऊन दारात आली. "अक्के, माज्या पोराचाबी लाव की कौल."

मी लावला असता तर काय झालं असतं? माहीत नाही. पण देवीसमोर परत बसायचं मला नको होतं. खरा लावला आणि डावी पडली तर? मग बाळू राहणार, जागा मोकळी, पुन्हा फोन. मी म्हटलं, "कौल संसारी मानसाला असतो गं. तुजं पोरगं सडंफटिंग. त्याला काय इचारायचं देवीला? जाऊ दे सुखानं." असा काही नियम नाही. मी उभ्या उभ्या तयार केला. यमुनेनं मान हलवली. देवीच्या गोष्टीत ती माझं ऐकायची. कळ्या तिनं माझ्या तुळशीला वाहिल्या आणि गेली.

निघायच्या दिवशी बाळू पाया पडायला आला. नवी बॅग, पायात नवे बूट. म्हणाला, "काकू, देवीनं दत्त्याला न्हाई म्हनलं त्ये माज्यासाटीच की! तिला म्हनावं, साडी धाडतो तिकडनं." सगळे हसले. मीही हसले.

तिकडून तो व्हिडिओवर बोलायचा. दुपारी आमच्याकडं जेवणं झाली की यमुना फोन घेऊन यायची, तिला तो नीट लावता येत नसे. त्यानं आम्हाला खोली दाखवली. पत्र्याचा डबा, आत दोन खाटा, आणि बाहेर भट्टीसारखं ऊन असताना आत इतकं गार की पोरगं गोधडी लपेटून बसलेलं. ती गोधडी मीच शिवलेली. बाहेर सिमेंटच्या उंच भिंती, त्यापलीकडं आभाळ, बाकी काही नाही. म्हणायचा, "काकू, हितं समदं पिठाच्या रंगाचं हाय. मानसंबी." शिपाई त्याला नावानं हाक मारायचे म्हणे, त्याच्या हातचा रस्सा मागून घ्यायचे. एकदा बोलता बोलता धोक्याचा भोंगा वाजला आणि पोरगं दिसेनासंच झालं. नुसतं छप्पर दिसत राहिलं. मग उठला, कपडे झटकले, आणि यमुनेलाच चिडवायला लागला, "आये, डोळं कशाला मोटं करती? भिंगारात रनगाड्याच्या आवाजात झोपलेलं पोरगं मी, भोंग्याला काय भ्यायचंय!" यमुना हसली. मी त्या छपराकडं बघितलेलं विसरले नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, मी कुणाला कुठं पाठवलंय. तेव्हा तरी बोलायचं होतं. कौल खोटा होता, बाळूला परत बोलाव — एवढं. नाही बोलले.

पुढं फार दिवस गेले नाहीत. रॉकेट मेसच्या मागच्या बाजूला पडलं. बाळू तिथं भाजी उतरवत होता. फोन दत्तूला आला, आणि दत्तूनं मला सांगितलं, यमुनेला तू सांग म्हणून. मी सांगितलं. काय शब्द वापरले ते आठवत नाही. तिच्या हातात सूप होतं, ते तिनं खाली ठेवलं, त्यातले तांदूळ सांडू न देता.

पेटी यायला वेळ लागला. उघडू नका असं सांगून दिली होती. यमुनेनं पेटीवर तळहात ठेवला, कितीतरी वेळ, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग कुणीतरी तिला उठवलं. मी नाही. मी मागं उभी होते.

आणि लोक काय म्हणाले माहीत आहे? देवीनं दत्तूला राखलं. अक्काचा कौल. बायका माझ्या हाताला हात लावून डोळ्यांना लावायच्या. दत्तू तर अजून दर नवरात्रात देवीला साडी नेसवतो आणि घरी येऊन माझ्या पायावर डोकं ठेवतो. "आई, तुज्यामुळं हाय मी." माझे पाय मला मागं घेता येत नाहीत. घेऊन सांगू काय?

पण खरी गोष्ट ती नाही. खोटा कौल एका सकाळचा होता. जे मी रोज केलं ते वेगळंच.

तेरावं झालं आणि यमुना माझ्याकडं आली. भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "अक्के, माजंच चुकलं बग. तू दत्तूचा कौल लावलास, देवीनं त्याला वाचीवलं. मी आळस केला. पोराला तिच्या कानावर न घालता धाडलं. तिनं तरी काय करावं?"

मी अडवलं होतं हे ती विसरली होती का? की लक्षात होतं आणि तरी तिनं माझ्यावर ठेवलं नाही? मला कधीच कळलं नाही. मी तिच्याकडं बघितलं. एक वाक्य होतं माझ्याकडं. तिचं ओझं उचलायला ते पुरलं असतं. आणि मी म्हटलं, "असं नगं म्हनू, यमे." बस. नको म्हणू म्हटलं. का नको, ते नाही सांगितलं. म्हणजे हो म्हटल्यासारखंच की.

तेव्हापासून ती पायात चप्पल घालत नाही. गोड खात नाही. रोज सकाळी देवीपुढचं झाडते, लिंबाचा पाला गोळा करते. वर्षं झाली. मी हात कापतात असं सांगून कौल लावायचं सोडलं. हात कापत नाहीत. हे लिहितानाही कापत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "अक्के, एकदाच लाव. मला इचारायचंय तिला, माफ केलं का म्हनून." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "हात मी धरते तुजा." मग काय सांगणार?

सकाळीच गेलो दोघी. मी पदराच्या टोकाला गूळ बांधून नेला होता. या वेळी डाव्या कळीला लावायचा, म्हणजे उजवी पडेल आणि यमुना सुटेल. पण बसल्यावर वाटलं, पुन्हा खोटं नको, देवीला बोलू दे. तुम्हाला हा चांगुलपणा वाटत असेल तर चुकता तुम्ही. मला वाटलं होतं, देवी आपोआप उजवा देईल. तिला तर ठाऊक आहे ना कुणाचं काय ते! ती माफ करील, यमुना घरी जाईल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. माझं काम देवीकडून करून घ्यायला बसले होते मी. दोन्ही कळ्या नुसत्या पाण्यानं लावल्या. आयुष्यात एवढ्या काळजीनं कधी लावल्या नव्हत्या.

डावी पडली.

यमुनेनं खाली पडलेली कळी उचलली, डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "बराबर हाय तिचं."

मी तिच्या इतकी जवळ बसले होते की तिचा श्वास ऐकू येत होता. दुसरं कुणी नव्हतं. माझं तोंड उघडलं — खरंच उघडलं. आणि त्यातून निघालं, "ऊन झालं. चल घरी."

ती मला हाताला धरून घरी घेऊन आली. वाटेत खडे टोचत होते तिच्या पायांना. मी चप्पल घातलेली होती.

आजही ती झाडायला गेली असेल. मला तिला सांगता येईल, अजून येईल; दोघी जिवंत आहोत. मी सांगणार नाही. तिला वाचता येत नाही, आणि हे कागदावर उतरवायला बसले तेव्हा मला ते पक्कं ठाऊक होतं.