आधुनिक काळ नेमका कधीपासून

हे गेले. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी कॉलेजात हजर झाले. घरी बसून तरी काय करणार? वसईतल्या एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटवर लोक येत, रडून जात. मला रडू येत नव्हतं.

पहिल्या वर्षाचा तास होता, विषय इतिहासाचं कालविभाजन. सगळं तोंडपाठ. युरोपात आधुनिक काळ पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून धरतात. आपल्याकडे कुणी मोगल सत्ता खिळखिळी झाल्यापासून, कुणी प्लासीच्या लढाईपासून, महाराष्ट्रात बरेच जण पेशवाई बुडाल्यापासून. माझाच आवाज मला शेजारच्या वर्गातून आल्यासारखा ऐकू येत होता.

वसईजवळच्या सांडोर गावची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, आमच्याकडे पोर्तुगीज तर पेशवाईच्याही आधी आले. मग वसईचा आधुनिक काळ आधीच सुरू झाला का?"

प्रश्न चांगला होता. एरवी मी तास संपेपर्यंत त्यावरच बोलले असते. "घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचार आणि लिहून आण," एवढंच म्हणाले.

"आजोबांना कमी ऐकू येतं. तुम्हीच या ना घरी."

रविवारी गेले. आजोबा चर्चमधली मिस्सा आटपून केळीच्या वाडीत बसले होते. नातीने प्रश्न कानाशी ओरडून सांगितला.

"विहिरीवरचा रहाट काढून मोटर बसवली, तेव्हापासून," ते म्हणाले. "बैल विकला. पुढे उपसा वाढला नि पाणी खारं झालं."

"त्या दिवशी काय वाटलं तुम्हाला?"

"काय वाटायचं, बाई? जेवलो, झोपलो. काय बदललं ते कितीतरी वर्षांनी कळलं." मग सहज विचारलं, "तुमचे मालक काय करतात?"

मुलगी चपापली. मीच त्यांच्या कानाशी वाकले. "गेले. तीन आठवडे होत आले." हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होते.

"जेवता ना?"

"जेवते."

"झोप?"

"लागते."

त्यांनी मान हलवली. उठून केळ्यांची एक फणी कापून दिली.

मुलीने चार पानं लिहून आणली. त्या वर्षी तिला सर्वांत जास्त गुण दिले. आता त्या तासाला मी सनावळी शेवटी सांगते. आधी मुलांना घरी विचारायला पाठवते. रडू मात्र अजून आलेलं नाही.