सदूची तब्येत

सरड्याला शाल पांघरवणारा माणूस अख्ख्या न्यूझीलंडमध्ये एकच असेल, आणि २०१४ साली मी शिकायला हॅमिल्टनला आले तेव्हा नेमकी त्याच्याच घरात मला भाड्याने खोली मिळाली. घरमालक काका मूळचे पुण्याचे, दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनिअर. काकू वारल्या होत्या. मुलगी नोकरीसाठी मेलबर्नला गेली आणि जाताना तिचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे गळ्याशी काटेरी दाढी असलेला वीतभर सरडा, बाबांच्या गळ्यात मारून गेली. नाव स्पड. काकांनी त्याचा सदू केला. "या देशात साप पाळायला बंदी आहे हे ऐकून निर्धास्त आलो होतो," ते म्हणायचे, "सरड्याचं कुणी बोललंच नाही!"

जन्मात अंडं न खाल्लेला हा माणूस दर शनिवारी पेट शॉपमधून जिवंत टोळांचा डबा आणायचा, चिमट्याने एकेक टोळ सदूपुढे धरायचा आणि तोंड फिरवून टोळाला "सॉरी हं" म्हणायचा. आम्हाला हीटर बंद, थंडी वाजली तर स्वेटर घाला. सदूला मात्र दिवसभर गरम दिवा. संध्याकाळी त्याच्या काचेच्या पेटीशेजारी खुर्ची ओढून काका कानटोपी घालून वरणभात जेवायचे आणि ऑफिसातलं सगळं त्याला सांगायचे. "काका, त्याला मराठी कळतं?" मी एकदा विचारलं. "कळतं की. माझ्या मुलीसारखंच. उत्तर तेवढं मराठीत देत नाही."

त्या हिवाळ्यात सदूने खाणं सोडलं. पाय थरथरायला लागले, मान उचलेना. काकांनी त्याला शालीत गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं आणि वरात निघाल्यासारखी हळूहळू गाडी चालवत आम्ही व्हेटकडे गेलो. त्या डॉक्टरीणबाईने सदूचा जबडा चाचपून विचारलं, "याचा यूव्ही लाइट कुठला?"

"गरम दिवा आहे की, वेगळा लाइट कशाला? खिडकीतच ठेवतो त्याला. हीप्स ऑफ सन!"

काचेतून ऊब येते, पण हाडांना लागणारे किरण काच अडवते, तिने शांतपणे समजावलं. कॅल्शियम कमी पडून सदूची हाडं मऊ झाली होती. तो वाचेलच असं ती म्हणाली नाही. परतताना काका दोनदा एवढंच म्हणाले, "मी उन्हातच ठेवत होतो गं त्याला."

मग नवी ट्यूब आली, टोळांवर कॅल्शियमची पूड आली, ड्रॉपरने औषध सुरू झालं. आणि एरवी एखाद्या रविवारी येणारा मुलीचा फोन रोज यायला लागला. "बाबा, डिड ही ईट?" तिथून सुरुवात व्हायची आणि गाडी तिच्या ऑफिसवर, घरावर, आईच्या आमटीत नक्की काय असायचं यावर जायची. फोन ठेवल्यावरही काका बराच वेळ गुणगुणत असायचे.

सदू हळूहळू सुधारला. एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा तो चारी पायांवर ताठ उभा होता, तोंडातून टोळाची तंगडी लोंबत होती आणि काकांचा फोन स्पीकरवर होता.

"बाबा, हाऊ इज ही?"

काकांनी सदूकडे पाहिलं. "अजून तसाच आहे गं. बघू या."

"पुअर थिंग! आय'ल कॉल टुमॉरो, ओके?"

"कर, कर."

फोन ठेवून वळले तर दारात मी. काका चष्मा पुसायला लागले.

"शेपटी जरा ढिली वाटते अजून," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"हो काका," मी चहा त्यांच्यापुढे ठेवला. "मलाही वाटते."